दोन भावांची अर्धी गोष्ट

परवा फोनवर तुमच्यातली धाकटी सांगत होती, की तुम्ही मुली एका मालिकेतल्या दोन भावांवरून तासन्‌तास भांडता. त्यांच्यावर आपल्या मनाच्या गोष्टीही लिहिता आणि त्यात एका भावाला दुसऱ्याच्या हातून मारता. तुमच्या आईला याची काळजी वाटते. मला वाटली नाही. आम्हीही हे देवळीत पापड लाटताना केलेलं आहे. ते क्रमाने सांगते.

मी नागपूरला इंग्रजीतून शिकले आणि सत्तरच्या दशकात लग्न होऊन देवळीच्या शेतकरी घरात आले. वर्ध्याच्या बसने दर महिन्याला एक मासिक यायचं. त्यात एक कादंबरी क्रमशः छापून येई. दुपारी शेजारच्या बायका आमच्या ओसरीवर जमायच्या. त्यांचे हात पापडांवर, नाहीतर तूर निवडण्यात चालू असायचे आणि मी मोठ्याने वाचायची.

कादंबरीतला थोरला भाऊ धाकट्याच्या लग्नात, हळद लागल्यावर, कुणाला न सांगता घर सोडून जातो. का गेला, हे लेखकाने सांगितलंच नव्हतं. तेवढ्यावर आमचा महिना निघायचा. समोरच्या किराणा दुकानदाराची बायको म्हणे, धाकटा काहीतरी टोचून बोलला असणार, भरलं घर कोणी उगाच सोडत नाही. माझी नणंद म्हणे, थोरल्याचा जीव त्या नवरीवरच होता. एकदा दोघींचं इतकं वाजलं, की दुकानवाल्या काकू आठवडाभर फिरकल्या नाहीत. आल्या त्या नवा मुद्दा घेऊनच.

"मनात नवरी असती तं हळदीच्या आधीच गेला असता. भावाले हळद लावून काऊन जाईन?"

सासूबाई या वादात पडत नसत. त्या एवढंच विचारत, "परत येते का नाई तो?"

त्या असं का विचारतात ते ओसरीवर सगळ्यांना ठाऊक होतं. माझे सासरे ऐन मे महिन्यात वारले होते. त्यांचा थोरला मुलगा, म्हणजे माझे भासरे, कारंज्याला शाळेत मास्तर. निरोप मिळताच ते निघाले, पण बस वाटेत बंद पडली. उन्हात देह ठेवता येणार नाही असं गावातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं आणि धाकट्याने, म्हणजे तुमच्या आजोबांनी, अग्नी दिला. बापाला अग्नी देण्याचा मान थोरल्याचा. भासरे पोचले तेव्हा सगळी मंडळी आंघोळी करून परतली होती. ते भावाला काही बोलले नाहीत, आणि मग बोललेच नाहीत. सणावाराला आईला भेटायला यायचे, तेही आजोबा शेतात असतील अशी वेळ पाहून.

पुढे ते मासिक एकाएकी बंद पडलं. कादंबरीतला थोरला भाऊ बाहेरचा बाहेरच राहिला. आम्ही थोडे दिवस वाट पाहिली आणि मग ज्याच्या त्याच्या मनाचा शेवट सुरू झाला. काकूंनी धाकट्याकडून थोरल्याला विहिरीत ढकलवलं. नणंदेने नवरीला खिरीत विष घालायला लावलं, आणि वाट्यांची अदलाबदल होऊन ते भलत्याच भावाच्या पोटात गेलं. आमच्या अंगावर काटा यायचा आणि हसूही. काकू म्हणाल्या, हिच्या सासरच्याइले आधीच सांगून ठेवा, हिच्या हातची खीर खाऊ नका म्हणा.

हसणं सरलं तेव्हा सासूबाई लाटणं न थांबवता बोलू लागल्या.

"धाकटा मरते. उन्हाळ्यात मरते. थोरल्याले निरोप जाते. सारे म्हणतात उचला, माय म्हणते नाई. ओले फडके टाकतात, पण थांबतात. मग तो येते."

"धाकट्याले काऊन मारलं, आई?" नणंदेने विचारलं.

"जितेपणी नाई येत ना तो भावाकडे."

काकूंनी पापड उन्हात नेऊन टाकले. हा शेवट मी तुमच्या आजोबांना सांगितला तेव्हा ते जेवत होते. ते ताटावरून उठले नाहीत, पण पुढचा घासही त्यांनी घेतला नाही.

ऐंशीच्या दशकात सासूबाई गेल्या. झोपेतच गेल्या, आणि तेही उन्हाळ्यातच. आईला अग्नी द्यायचा मान आमच्याकडे धाकट्याचा, म्हणून थोरल्यासाठी थांबायचं कारण कुणालाच दिसेना. आजोबा म्हणाले, "भाऊ आल्याशिवाय उचलायचं नाई." त्यांनी वर्ध्याहून बर्फाच्या लाद्या आणवल्या. लोक कुरकुरत सावलीत बसून राहिले. उन्हं उतरल्यावर भासरे आले. त्यांनी आईकडे पाहिलं, मग बर्फाकडे. निघताना आजोबांनी विस्तवाचं मडकं त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी मानेनेच नको म्हटलं आणि ते खांदा द्यायला गेले.

तेरावं झाल्यावर ते जायला निघाले तेव्हा मी ओसरीवर होते. भासऱ्यांशी समोरासमोर बोलायची आमच्यात रीत नव्हती. त्यांनी खांबाकडे पाहत विचारलं, "आईनं त्या गोष्टीचा शेवट केलता म्हणे. काय केलता?" नणंदेने त्यांच्या कानावर घातलं असावं. मी पदर सावरून सांगितला, जसा सासूबाईंनी सांगितला होता तसा.

"मले नाई सांगितला कधी," ते म्हणाले, आणि त्यांनी पिशवी उचलली.

आजोबा गोठ्याच्या दारात उभे होते. भासरे त्यांच्यासमोर थांबले.

"येतो."

"बरं."

इतक्या वर्षांत दोघांचं एकमेकांशी झालेलं बोलणं एवढंच, आणि ते ऐकायला सासूबाई नव्हत्या.