कशाचा आवाज बंद करायचाय?

शमू गेला ही बातमी आमच्या गल्लीत सगळ्यात शेवटी मला कळली. त्याचं दुकान आमच्या खिडकीसमोर, मध्ये जेमतेम बारा पावलांचा रस्ता, तरीही. सकाळी दहाच्या सुमारास शटर वर ढकलता ढकलता तो खाली बसला आणि तसाच आडवा झाला. शेजारच्या पुष्पाबाईंनी गिरणी बंद करून आरडाओरडा केला, माणसं धावली, कुणीतरी रिक्षा आणली... आणि मी आतल्या खोलीत, दाराकडे पाठ करून, कानांवर हेडफोन चढवून, पुण्यातल्या साहेबांशी एका पाण्याच्या पंपाच्या माहितीपुस्तिकेवरून वाद घालत होतो. आईची कॉट बाहेरच्या खोलीत, खिडकीला लागून. तिनं सगळं पाहिलं. ती मला हाका मारत राहिली, आणि शेवटी हाताशी होता तो पाण्याचा पेला तिनं माझ्या दिशेनं फेकला. पायाला गार पाणी लागलं तेव्हा मी वळलो, आणि खरं सांगायचं तर आधी चिडलो. तोवर दवाखान्यातून निरोपसुद्धा येऊन गेला होता.

याला आता सहा आठवडे झाले. मला एका जागी बसवत नाही. काम उघडतो, मिटतो, उठून खिडकीशी जातो, ते बंद शटर बघतो, परत येतो. शमूबद्दल लिही म्हणजे बरं वाटेल, असं बायको म्हणाली. बरं वाटण्याचा प्रश्न नाहीये. एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आणि ती ज्याला सांगायची तोच निघून गेलाय.

शमू, म्हणजे शमुवेल, माझा भिंगारच्या शाळेतला बाकसोबती. त्याचे वडील लष्कराच्या वर्कशॉपात रणगाड्यांच्या इंजिनांवर कामाला होते, आणि निवृत्त होईतो त्यांचे दोन्ही कान गेले होते. त्या घरात कुणी कुणाला हाक मारत नसे. काही सांगायचं तर आधी जाऊन वडिलांच्या शर्टाची बाही ओढायची, त्यांनी तोंडाकडे बघितलं की मग बोलायचं. ती सवय शमूला जन्माची लागली. समोर उभ्या असलेल्या, चांगलं खणखणीत ऐकू येणाऱ्या माणसाचीसुद्धा बाही ओढल्याशिवाय त्याचं वाक्य सुरू व्हायचं नाही. शाळेत माझ्या एका सदऱ्याची उजवी बाही त्यानं उसवून टाकली होती, आणि आईनं ती शिवता शिवता त्यालाच समोर बसवून पोहे खाऊ घातले होते.

आयटीआय करून त्यानं दुकान टाकलं. आधी रेडिओ आणि मिक्सर दुरुस्ती, मग मोबाईलची कव्हरं, चार्जर, आणि अलीकडे हेडफोन. पण हेडफोन विकण्याची त्याची तऱ्हा न्यारी होती. खोक्यावर काय छापलंय ते तो गिऱ्हाइकाला वाचूच द्यायचा नाही. बाही ओढून पहिला प्रश्न, "कशाचा आवाज बंद करायचाय?" रेल्वेनं दोन दिवस गावाकडं जाणारा जवान असेल तर त्याला कान पूर्ण झाकणारे मोठे हेडफोन. परीक्षेचा अभ्यास करणारी पोरगी आली तर म्हणायचा, "गानी ऐकायची न्हाईत ना? मंग मशिन कशाला घेती?" आणि कानात घालायची साधी रबरी बोंडं हातावर ठेवायचा. एकाच माणसाचे दोन कान सारखे नसतात हे त्याचं लाडकं ज्ञान, त्यामुळे इअरफोनला डाव्या कानाला एका मापाची रबरी टोपी आणि उजव्याला दुसऱ्या. टेम्पोवाल्यानं मागितलं की हात जोडायचा. "गाडीवर न्हाई. हारन ऐकू आला न्हाई तर माझ्या नावानं बोंब."

आणि मग परीक्षा. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर हेडफोन चढवून तो त्याला सरळ शेजारी पुष्पाबाईंच्या पिठाच्या गिरणीत नेऊन उभं करायचा. गिरणी घरघरत असायची. शमू कधी समोरून, कधी मागून काहीतरी बोलायचा, आणि काय ऐकू आलं ते गिऱ्हाइकानं सांगायचं. "माझी गिरन हाय का तुझी प्रयोगशाळा रं?" असं पुष्पाबाई रोज विचारायच्या आणि रोज बाजूला सरून जागा करून द्यायच्या. माणसं भुवया पांढऱ्या करून बाहेर पडायची, पण घेतलेली वस्तू परत करायला सहसा कुणी यायचं नाही.

मी मात्र तीनदा परत केली.

माझं काम असं की आठवड्यातून दोन दिवस बसनं पुणे, बाकी दिवस घरून. गेल्या वर्षी आई मोरीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण तेव्हापासून ती कॉटवरच आहे. आठवणही विरत चालली. तिला फक्त एक गोष्ट हवी असते. दर दहा मिनिटांनी ती विचारते, "किती वाजलं रं?" सांगितलं की गप्प होते, आणि दहा मिनिटांनी पुन्हा. सुरुवातीला मी उठून सांगायचो, मग बसल्या जागेवरून, मग दात खाऊन. बायको शाळेत शिकवायला गेलेली. एका मीटिंगमध्ये पलीकडचे सगळे ते ऐकून हसले, आणि मी त्याच दिवशी शमूकडे गेलो. कशाचा आवाज, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, बसचा.

त्यानं गिरणीत नेलं. हेडफोन लावले आणि ती घरघर अशी खाली गेली, जणू कुणी गोधडी टाकली तिच्यावर. आणि त्या शांततेत शमूचा आवाज अगदी स्वच्छ आला, "दिल्या, तुझ्या मिशीत पीठ गेलंय." नंतर त्यानं समजावलं, की हे यंत्र इंजिन, पंखा, गिरणी असली एकसुरी घरघर झकास कापतं, माणसाचा आवाज कापायला त्याला जड जातं. पुण्याच्या बसमध्ये ते हेडफोन खरोखर नामी चालले. पण घरी? घरी पंख्याचा आवाज गेला आणि आईचा आणखी ठळक झाला! दुसरे आणले, तेच. तिसरे आणले, तेच. तिसऱ्यांदा खोकं काउंटरवर आपटलं तेव्हा शमूनं बाही ओढली नाही. खाली बघतच म्हणाला, "काकूंचा आवाज बंद करायचाय, व्हय ना?"

मी उसळलो. मी म्हणालो, "तू दुकानदार आहेस, दुकानदारासारखा राहा. दिवसभर ऐकून बघ तिला, मग मला शिकव."

"आमच्या बापाचं कान नोकरीत गेलं," तो म्हणाला. "तू लेका बहिरेपन इकत घ्यायला निघालास. माझ्याकडं तसला माल न्हाई."

मग मी मोबाईलवरून मागवले. जाड गादीचे, कान गच्च दाबून बसणारे. वर हळू संगीत लावलं की जगबुडी आली तरी कळू नये. आणि घोटाळा असा, की पार्सल आलं त्या दिवशी मी पुण्यात. आमच्या गल्लीत घर सापडलं नाही की पार्सलवाले कुणाकडे जातात? शमूकडे. संध्याकाळी तो स्वतः ते घेऊन आला. खोक्यावर हेडफोनचं चित्र हे एवढं मोठं. माझ्या हातात देत म्हणाला, "चांगली हायेत. फकस्त चष्म्याची काडी वरून घाल, गादीखाली आली की फट ऱ्हाती." एवढंच. टोमणा नाही, काही नाही. टोमणा मारला असता तर मी भांडलो तरी असतो. त्यानंतर मी त्याच्या दुकानात गेलो नाही. रस्त्यात दिसला की मान हलवायची, बस.

हेडफोन मात्र लागू पडले. आईनंही हळूहळू विचारणं सोडून दिलं, असं मला वाटलं. मधूनच हेडफोन काढून बघायचो, तर ती शांत पडलेली असायची. बायकोला मी म्हणालोसुद्धा, "बघ, आपण दुर्लक्ष केलं की सवय जाते." हे वाक्य आता मला दिवसातून किती वेळा आठवतं ते मी सांगत नाही.

शमूच्या कबरीवर मूठभर माती टाकून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी हेडफोन न लावता कामाला बसलो. लावायची हिंमतच नव्हती. दहा मिनिटांनी बाहेरच्या खोलीतून हाक आली. "शमू... किती वाजलं रं?"

मला वाटलं, तिचा आणखी एक धागा तुटला. पण दिवसभर तेच. शमू, किती वाजलं. तोंड खिडकीकडे. संध्याकाळी दळण आणायला गेलो तेव्हा पुष्पाबाईंना हे सांगितलं. त्या पिठाची पिशवी भरता भरता थांबल्या.

"दिलीपभाऊ, तुमाला ठाऊक न्हाई?" त्या म्हणाल्या. "तुमी ती कानाला लावायला लागला तवापासनं त्योच सांगायचा की. हितनं दुकानातनं वरडायचा, काकू, साडेधा! काकू, पावनेअकरा! माझी गिरन चालू असली की म्हातारीला ऐकू जायाचं न्हाई. मंग गिऱ्हाईक सोडून रस्ता वलांडायचा, खिडकीतनं हात घालून तिच्या लुगड्याचा पदर वढायचा, आन् सांगून माघारी यायचा."

"मला का नाही सांगितलं कुणी?"

"मी म्हनलं त्याला, सांग की दिलीपभाऊला. तर म्हनला, त्याला काम हाय, माझं काय, मी बसूनच असतो."

बसून? त्याच्या दुकानात मी त्याला कधी बसलेला पाहिला नव्हता. पिशवी घेऊन मी घरी आलो आणि मोरीत जाऊन, नळ सोडून, पोटभर रडलो. त्याच्यापाशी कबूल करायचं होतं की मी बससाठी म्हणून खोटं बोललो होतो. त्याला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि तरीही मला सांगायचं होतं. माफ कर म्हणायला बारा पावलं होती, ती मी टाकली नाहीत.

हेडफोन मी फेकून दिलेले नाहीत. पुण्याच्या बसमध्ये लावतो, चष्म्याची काडी वरून घालून, आणि फट राहत नाही. घरात ते खुंटीला असतात. गेल्या आठवड्यात आईनं खिडकीकडे तोंड करून शमूला वेळ विचारली, तेव्हा मी मीटिंग तशीच सोडून बाहेर आलो, तिच्याजवळ बसलो आणि म्हणालो, "सव्वाअकरा झाले, आई."

"तुला न्हाई इचारलं," ती म्हणाली. "शमूला इचारलं."

मी उठलो. मग चपला घातल्या, रस्ता ओलांडला, त्याच्या बंद शटरसमोर उभा राहिलो आणि खिडकीकडे बघून ओरडलो, "काकू, सव्वाअकरा!" भाजीवाली वळून बघायला लागली. गिरणी चालू होती, आईला काही ऐकू गेलं नसावं. ती तशीच वाट बघत होती. मग मी पुन्हा रस्ता ओलांडला, खिडकीतून हात घातला आणि तिचा पदर ओढला.