पाठमोऱ्या बाईचं चित्र आणि तेवीस जोड चपला

मुंबईच्या मोठ्या कलासंग्रहालयात जायचं, असं नातीनं जाहीर केलं तेव्हा मी ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. नात एकोणीस वर्षांची. नगरला चित्रकला शिकते आणि सुट्टी लागली की आमच्या पारनेर तालुक्यातल्या खेड्यात येते, ती मुख्यतः मला छळायला. तिनं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला.

"आजी, तिथं माहिती सांगायला माणूस मिळतो. कानात घालायचं यंत्रपण मिळतं. पण आपल्याला दोन्ही नको. आपलं आपण फिरायचं. तू आहेस की गाईड!"

मी शेंगेतला दाणा टोपलीत टाकला आणि टरफल तोंडात.

कारण असं, की गेली पंचेचाळीस वर्षं मी या घरात, गावात आणि झाडून सगळ्या सोयऱ्यांत 'मुंबईचं म्युझियम बघून आलेली बाई' म्हणून मिरवते आहे. लग्नकार्यात कुणी भिंतीवरच्या देवाच्या फोटोकडे बघून "छान आहे" म्हणालं, तरी मी मान तिरकी करून "हं, पण खरी चित्रं बघायची तर..." असं सुरू करते. आणि मी त्या म्युझियमच्या आत गेलेले नाही. एका दालनात नाही, एका खोलीत नाही. दाराबाहेरच्या पायऱ्यांवर मात्र चांगले दोन तास बसले आहे.

त्याचं काय झालं ते सांगते. तेव्हा मी स्वतः एकोणीस वर्षांची होते, लग्नाला चार महिने झालेले, आणि अक्कल यायची होती. गावच्या महिला मंडळानं सहल काढली. एस.टी.ची अख्खी गाडी ठरवली. पुढच्या काचेवर 'प्रासंगिक करार' अशी पाटी, आत तेवीस बायका, दशम्यांची गाठोडी आणि घाट लागल्यावर वाटून घ्यायला लिंबं. समुद्र बघून झाला, राणीची बाग बघून झाली, आणि दुपारी गाडी त्या म्युझियमपाशी थांबली. घुमट, कमानी, नक्षीच्या पायऱ्या. आमच्या थोरल्या जाऊबाईंनी दारातून आत डोकावून पाहिलं. समोरच दगडाची मूर्ती. त्या वळल्या आणि हुकूम सोडला :

"आत देव हायेत. चपला काढा गं समद्या!"

सगळ्यांनी काढल्या. पहारेकरी बघत राहिला. त्याला वाटलं असेल, या बायकांचं काही व्रत असेल. मग प्रश्न आला, मुंबईत चपला उघड्यावर टाकून जायचं कसं? देवळाबाहेर जे होतं तेच इथं झालं. सगळ्यांत धाकटी सून कोण, म्हणून माना फिरल्या.

"तू बस हितं. आमी आलोच," जाऊबाई म्हणाल्या.

आणि ती बावळी, म्हणजे मी, खूश झाली! इतक्या जणींनी आपल्यावर एवढा विश्वास टाकला म्हणून छाती फुगली. मी चपला जोडीनं लावल्या. नुसत्या लावल्या नाहीत, मानपानानं लावल्या. सरपंचीणबाईंच्या सगळ्यांत वर, मग जाऊबाईंच्या, मग बाकीच्या वयाप्रमाणे, आणि शेवटच्या पायरीवर माझ्या. मग त्यांच्या शेजारी पदर सावरून बसले. एका गोऱ्या बाईनं थांबून माझा चपलांसकट फोटो काढला. मी हसले. कुणी सांगावं, त्या बाईच्या देशातल्या एखाद्या म्युझियममध्ये मी आज टांगलेली असेन. सासरच्या कुणाला हा मान मिळालेला नाही.

दोन तासांनी बायका बाहेर आल्या, पायांत चपला सरकवल्या आणि "चला चला, गाडी निघाली" म्हणत मलाही ओढून घेऊन गेल्या. माझं बघायचं राहिलं, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही आलं नाही, मी चपला मोजत होते. कल्याण मागे पडलं तेव्हा मला रडू फुटलं. मग जाऊबाईंना विचारत सुटले, काय बघितलं, काय बघितलं?

जाऊबाईंनी बराच विचार केला आणि म्हणाल्या, "एक चित्र लई भारी हुतं. हिरव्या लुगड्यातली बाई. पाठमोरी. कुटूनबी बघ, तिचं तोंड दिसत न्हाई."

"कुठूनही?"

"कुटूनबी. म्या लई बघितलं."

मी थक्क! पुढचे दोन महिने मला हा चमत्कार पुरला. पाठमोरं काढलेलं चित्र कुठूनही पाठमोरंच दिसणार, एवढं समजायला मला धाकट्या दिराची मदत लागली. घरी आल्यावर आजूबाजूच्या बायकांनी विचारलं, तेव्हा "चपला राखल्या" असं सांगायची लाज वाटली आणि मी ते चित्र माझं म्हणून सांगून टाकलं. जाऊबाई शेजारीच भाकरी थापत होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत. पुढे वर्षं गेली तशी मी त्या बाईला पैंजण घातले, पायाशी मांजर बसवलं, खिडकीतून नदी सोडली. एकदा टीव्हीवर त्याच पायऱ्या दिसल्या. माणसं बूट घालून टकाटक आत जात होती. मी चॅनल बदललं.

हे सगळं माझ्यापुरतं राहिलं असतं तर मी हसत हसत मेले असते. पण नात पाच वर्षांची होती तेव्हा तिला जेवू घालताना मी ते चित्र तिला सांगितलं. तिनं घास तसाच गालात ठेवून विचारलं, "मग तिचं तोंड कसं असेल?" आणि पाटीवर तोंड काढलं. मग वहीवर काढलं, मग भिंतीवर. अजून काढते. चित्रकलेच्या कॉलेजात प्रवेश घेताना मुलाखतीत तिला विचारलं, चित्रकलेकडे कशी वळलीस? तिनं सांगितलं, माझ्या आजीनं मला एक चित्र सांगितलं होतं.

आता ती आजीला घेऊन ते चित्र बघायला निघाली होती.

आखणी तिनं जोरात सुरू केली. जुन्या कॅलेंडरचं मोठं पान उलटं करून त्यावर तिन्ही मजल्यांचा नकाशा काढला. मला वाटलं, आपण सल्ले देत राहावं, म्हणजे मुख्य प्रश्न मागे पडेल. म्हणून मी दिले.

"आधी संडास दाखव. बाईमाणसाला कुठंही जायचं तर पहिली खूण ती."

तिनं लाल ठिपके दिले.

"आता बसायची बाकडी. माझे गुडघे एका दमात वीस मिनिटांच्या वर संस्कृती सोसत नाहीत."

तिनं हिरवे ठिपके दिले.

"हे काय?"

"चिनी मातीची भांडी. खूप जुनी आहेत, आजी."

"काट मार. बरण्या बघायला मुंबईला? माळ्यावर तीन आहेत, लोणच्यासकट."

मग मी तिला बाजाराची रीत सांगितली, आणि ही मात्र माझी खरी विद्या. आठवडी बाजारात शिरल्यावर पहिली फेरी मोकळी मारायची. पिशवी घडी करून काखेत, हात पाठीमागे. भाव विचारायचा नाही, कशाला हात लावायचा नाही, कुणी "या मावशी" म्हणालं तरी थांबायचं नाही. टोकापर्यंत जायचं. मग चहा प्यायचा आणि जे डोळ्यांपुढून हलत नाही तेवढ्यासाठी परत फिरायचं. जी बाई पहिल्याच गाळ्यावर पिशवी उघडते, ती घरी किडकी वांगी आणते.

"म्हणजे पहिल्या फेरीत सगळ्या दालनांतून नुसतं चालायचं," नात लिहिता लिहिता म्हणाली. "मग बसायचं. आणि दुसऱ्या फेरीत फक्त पाच चित्रं. आजी, तू भारी आहेस! आमचे सर हेच सांगतात, पण त्यांना एक तास लागतो."

मी फुशारले. तेवढ्यात तिनं पेन्सिल माझ्या हातात दिली.

"आता तुझं चित्र दाखव. ते कुठं आहे? आपण परत फिरल्यावर पहिलं तेच बघू."

मी चष्मा पुसला. नकाशावर बोट फिरवलं आणि एका चौकोनावर ठेवलं. "इथं."

"आजी, इथं लिफ्ट आहे."

"तेव्हा नव्हती," मी म्हणाले आणि शेंगा उचलून आत पळाले.

आत जाऊन पहिलं काम, जाऊबाईंना फोन. त्या हल्ली पुणतांब्याला लेकीकडे असतात. ऐंशी उलटली, पण आवाज अजून गोदावरीच्या पलीकडे जाईल असा.

"जाऊबाई, ते पाठमोऱ्या बाईचं चित्र कंच्या मजल्यावर हुतं वो?"

"कसलं चित्र?"

"अवो, तुमीच येष्टीत सांगितलं हुतं. हिरवं लुगडं. कुटूनबी बघा, तोंड दिसत न्हाई."

पलीकडून असं काही हसू फुटलं की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"अगं धाकले, ती सरपंचीणबाई!"

"काय?"

"आत शिरलो आन् माजं काळीज लटालटा उडाया लागलं. येवडी दारं, येवडी वळनं. चुकले तर मुंबईत कुटं हुडकशील? म्या सरपंचीणबाईचा पदर धरला, तो भाईर येईपत्तूर सोडला न्हाई. वर बघितलंच न्हाई मी. दोन तास निस्ती तिची पाठ."

"मग मला चित्र म्हनून का सांगितलं?"

"तू रडत हुतीस. तुला भाईर बसवलेली म्याच. आता काय सांगू, म्या बी काय बघितलं न्हाई म्हनून? थोरली हाय मी."

"आन् मी गावभर सांगत हुते तवा?"

"लई झ्याक सांगायचीस गं. ते मांजार घातलंस ना, तवापासून मला बी खरं वाटाया लागलं."

मी फोन ठेवला. म्हणजे पंचेचाळीस वर्षं मी एका सरपंचाच्या बायकोच्या पाठीचं कौतुक करत आले होते, आणि माझ्या नातीचं शिक्षण त्या पाठीवर उभं होतं.

बाहेर आले. नात नकाशाशेजारी तशीच बसून होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. चपला, मानपान, गोरी बाई, पदर, सरपंचीणबाई. मध्येमध्ये विनोदही केले, सवय आहे. ती हसली नाही.

"म्हणजे ती नाहीच?"

"नाही."

"मी सगळ्यांसमोर सांगितलंय, आजी. मुलाखतीत. मी तिच्यामुळं..." तिनं कॅलेंडरचं पान घडी घालून उशीखाली ठेवलं.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जेवली, भांडी घासली, "पाणी तापलंय" एवढं भिंतीला सांगितलं. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर मी आठ परत देऊन मोकळी झाले असते. पण रुसलेल्या एकोणीस वर्षांच्या पोरीपुढं माझं काही चालत नाही. त्या वयाची मला एकच बाई ठाऊक आहे आणि ती मूर्ख होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी होते. अंगणात ती दात घासत होती. एकदम तिला ठसका लागला. मी पाण्याचा तांब्या घेऊन धावले, तर ठसका नव्हताच. ती तोंडात ब्रश धरून हसत होती, फेस हनुवटीवर, डोळ्यांत पाणी.

"आजी! आमचे सर!"

"कोण सर?"

"मुलाखतीत होते ते. मी पाठमोऱ्या बाईबद्दल सांगितलं ना, तर ते डोळे मिटून म्हणाले, हो, हो, ते चित्र. मी कितीदा तरी उभा राहिलोय त्याच्यापुढं. काय तिच्या खांद्यावरचा उजेड!"

आम्ही दोघी तिथंच दगडावर बसलो.

"सरपंचीणबाईंच्या खांद्यावर दशम्यांची पिशवी होती," मी म्हणाले. "उजेड कुठला?"

"आणि बाकीच्या दोघांनी माना हलवल्या, आजी! दोघांनीही!"

बराच वेळ हसून झाल्यावर तिनं तोंड धुतलं आणि जरा दबक्या आवाजात विचारलं, "त्या दिसायला कशा होत्या गं?"

"सरपंचीणबाई? नाक बसकं, दात पुढं, आणि तोंड दिवसभर चालू."

"मग बरं झालं, पाठमोऱ्या होत्या."

दुपारी कॅलेंडरचं पान उशीखालून बाहेर आलं. लिफ्टवरची माझी खूण तिनं खोडली. पाच चित्रांची यादी पुसून टाकली आणि म्हणाली, ती आता तिथं गेल्यावर ठरवू, आधी मोकळी फेरी. फक्त सगळ्यांत वर, पहिल्या दालनाच्याही आधी, तिनं एक ओळ लिहिली : 'पायऱ्या. आजीची जागा. पाच मिनिटं.' मी म्हटलं, दोन पुरेत, पंचेचाळीस वर्षांपूर्वी बसून झालंय.

आणि मुंबईला खरंच गेलो. घुमट तोच, कमानी त्याच. पायऱ्या मात्र मला वाटत होत्या त्याच्या निम्म्या निघाल्या. एवढ्याशा जागेत मी तेवीस जोड लावले कसे, कोण जाणे. तिकिटं मोबाईलमध्ये होती, ती दाखवली. पहारेकऱ्यानं हातानं 'आत या' म्हटलं. समोर तीच दगडी मूर्ती होती, आणि माझा उजवा पाय आपोआप चपलेतून बाहेर आला.

"आजी," नात खाली न बघताच म्हणाली, "घाल."

मी घातली. ती माझा हात धरून पुढं निघाली, तशी मी तिला मागं ओढली.

"तू माझ्या मागून ये. आज मला पुढं कुणाची पाठ नको."