मामांची चालती गाडी

कायदा इतका मनावर घेणारा माणूस ग्वाल्हेरात दुसरा झाला नाही आणि पुढेही व्हायचा नाही. आमचे भाजीवाले मामा. त्यांच्या परवान्यावर ‘फिरता विक्रेता’ असं लिहून आलं होतं. असे परवाने पुष्कळांकडे असतात आणि ती मंडळी सावली बघून दिवसभर खुशाल उभी राहतात. मामा मात्र परवाना हातात पडल्यापासून जे चालायला लागले ते थांबेचनात. भाजी घ्यायची तर आपणही हातगाडीबरोबर चालायचं. भेंडीची शेपटं मोडून बघत माझी आई आमच्या माधवगंजातून निघायची, ती घासाघीस संपेपर्यंत पार दाना ओलीच्या गल्लीत पोचायची. चालता चालता तराजू असा झुलायचा की मामा शेवटी कंटाळून वर मूठभर भेंडी टाकायचे. डॉक्टरांनी आईला रोज चालायला सांगितलं होतं, ते तिनं केवळ मामांच्या कृपेनं पाळलं. एकदा परवान्याच्या ऑफिसातलाच शिपाई टोमॅटो घ्यायला आला, तर त्यालाही मामांनी पळवलं. “अरे चाचा, दो मिनट रुक जाओ, कौन देख रहा है?” तो धापा टाकत म्हणाला. “मैं देख रहा हूँ ना!” मामा म्हणाले आणि गाडी पुढे ढकलली.

खरं तर मामा फिरते नव्हतेच. माझ्या लहानपणापासून त्यांची गाडी आमच्या घरासमोरच्या कोपऱ्यावर उभी असायची. फेरीवाल्यांची नोंद करणारी माणसं गल्लीत आली, नेमके त्याच सकाळी माझे वडील, नाना, गेले. आमच्यात बायका घरीच थांबतात, म्हणून मी वरच्या गॅलरीतून बघत होते. तिरडी कोपऱ्यावर आली तसे मामा चार पावलं सोबत जायला निघाले. मोकाट गाईंच्या भरवशावर भाजी सोडायची कशी? म्हणून गाडी ढकलतच निघाले. पायातल्या चपला तेवढ्या काढून ठेवल्या. सगळ्यांच्या मागे, मान खाली घालून, मेथी-पालकासकट. नोंदवाल्यांनी त्यांना तिथेच गाठून फोटो काढला. गाडी चालतेय, म्हणजे माणूस फिरता! त्याही अवस्थेत मला हसू फुटलं, आणि मग रडू आवरेना.

पुढे मामांचे गुडघे सुजायला लागले तेव्हा मी अर्जाचा हट्ट धरला. कोपऱ्यावर उभं राहायचा परवाना मिळण्यासारखा होता. त्या दिवशी गाडी चुकून हलवली, एवढंच सांगायचं होतं. मामा कधी नव्हे ते चिडले. “नानांना पोचवायला गेलो ती गलती झाली, असं सांगू? ताई, ते माझ्याकडून नाही होणार.” मी खूप समजावलं. नाना असते तर त्यांनी मामांना रागावून ऑफिसात नेलं असतं. पण नाना नव्हते, आणि मामा चालत राहिले.

या हिवाळ्यात गुडघ्यांनी साफ नकार दिला. गाडी विकली. कोपऱ्यावर आता कुणा दुसऱ्याची चाटची गाडी उभी असते, आणि मला तिकडे बघवत नाही. मामा दाना ओलीत आपल्या दारात खुर्ची टाकून बसतात. परवा मी त्यांना भेटायला गेले. समोर उभी राहून तब्येत विचारायला लागले, तर ते अस्वस्थ होऊन गल्लीच्या दोन्ही टोकांकडे बघू लागले.

“रस्त्यात उभी नको राहूस, ताई. चालता चालता बोल.”

मग मी त्यांच्या दारासमोर येरझाऱ्या घालत बोलत राहिले. आईला आता कुणाचीच भेंडी पटत नाही, हेही सांगितलं. मामांचा आवाज फार बारीक झालाय. थोडं पुढे गेलं की ऐकू येत नव्हता, म्हणून मी लवकर लवकर वळून परत येत होते.