भीमरावमामांचा समुद्रकिनारा

नव्या नवरीचा फोटो काढायचा असला, की भीमरावमामा आधी तिला विचारायचे, "माहेरच्या दारात कोणतं झाड हाय, बाई?" नवरी लाजत सांगायची. जोडपं गेलं, की मामा रंग कालवून ते झाड मागच्या पडद्यावर काढायचे.

गुलमंडीतल्या माझ्या फोटो स्टुडिओतला तो पडदा मामांनीच रंगवलेला. समुद्रकाठचा रुंद रस्ता, कडेला जुने देखणे बंगले, बंगल्यांपुढं परदेशी फुलांच्या बागा. कुठल्याशा कॅलेंडरवरून घेतलेलं सगळं. त्या बागांत हळूहळू शेवगा, सीताफळ, कडुनिंब, बोर अशी आपल्याकडची झाडं उभी राहिली. कुणी हसलं तर मामा म्हणायचे, "समुद्र काय कुणाच्या बापाचा हाय? आपल्या लेकींची झाडं तिथं बी जगत्यात."

चार वर्षांपूर्वी मी मुलाकडे फ्रान्सला गेलो आणि नेमका तसलाच रस्ता बघून आलो. झालं, अंगात शहाणपण शिरलं. गिऱ्हाइकांदेखत म्हणालो, "मामा, तिथं नुसते ताड असतात हो, एका रांगेत. समुद्रावर शेवगा बघून लोक हसतील आपल्याला." मामा वाद घालणारे नव्हते. "तुमी बघून आलाव, शेठ. मी कुठं बघितलंय," एवढंच म्हणाले. आठवड्याभरात त्यांनी एकेक झाड पुसून ताड उभे केले. मी वर शाबासकीही दिली.

पुढच्याच महिन्यात सोयगावची एक बाई लेकीला घेऊन आली. "फोटो नाय काढायचा. माझ्या लग्नात इथं काढलेली माहेरची बोर दाखवायचीय हिला. रस्त्यासाठी तोडली तिकडं, म्हटलं इथली तरी दाखवावी." दोघी पडद्यावर बराच वेळ शोधत राहिल्या. मामा कोपऱ्यात ब्रश धूत होते, त्यांनी मान वर केली नाही. "ऱ्हाऊ द्या," म्हणून बाई निघून गेली.

मग मी मामांच्या मागं लागलो, झाडं परत काढा म्हणून. ते ब्रश घेऊन पडद्यापुढं उभे राहिले आणि थोड्या वेळानं तो खाली ठेवला. "नाय जमायचं, शेठ. पोरगी सांगायची, पार कसा हाय, झोका कोणत्या फांदीला हाय, तसा हात चालायचा. आता कुणाला इचारू?" बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

मामा गेल्या उन्हाळ्यात वारले. पडदा अजून आहे. परवा एक जोडपं त्यापुढं उभं राहिलं. नवरा म्हणाला, "काका, काय हुबेहूब काढलंय हो, अगदी फॉरेन."

"हो," म्हणालो, आणि त्याच्याकडे बघवेना म्हणून कॅमेऱ्यात डोकं घातलं.