वैकुंठरथाची चावी

पारोळ्यात उखर्डूआबा रस्त्याने चालत निघाले की लोक आधी त्यांच्या मागे बघायचे, गाडी नाही ना. गाडी नसली की मग हसायचे, चहाला बोलवायचे. गावातल्या एका मंडळाचा वैकुंठरथ आबा चालवत होते. त्याआधी बरीच वर्षं त्यांनी कपाशीचे ट्रक चालवले होते. डोळे कमी पडायला लागले, तेव्हा लांबचा रस्ता सोडला आणि घर ते स्मशान एवढाच धरला.

या कामाची त्यांना भीती नव्हती. आईची आधीची मुलं जगली नव्हती, म्हणून आबा जन्मले तेव्हा तिने त्यांना उकिरड्यावर लोळवलं आणि उखर्डू नाव ठेवलं. मरणाची नजर पडू नये म्हणून ठेवलेलं नाव घेऊन हा माणूस रोज मरणाच्या दारात गाडी उभी करतो, असं त्यांची बायको शेवंताबाई म्हणायची. आबा गाडी मात्र आरशासारखी ठेवायचे. झेंडूची एक पाकळीही आत राहू द्यायचे नाहीत.

उन्हाळा सुरू होत होता, तेव्हा गाडीने पहिल्यांदा दगा दिला. सुकदेव नाना नावाचे म्हातारे दुकानदार वारले होते. नानांना गाडीत ठेवलं, बाया रडून थकल्या, पुरुष टोप्या सारख्या करून उभे राहिले. आबांनी चावी फिरवली. समोरचे लाल दिवे लागले, पण इंजिन हललं नाही. साधं टकसुद्धा वाजलं नाही. पुन्हा फिरवली. तेच. गर्दीतून कुजबुज आली. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली आणि नानांचा धाकटा भाऊ सुरतहून धावत आला. गाडीच्या भोंग्यावर चाललेलं भजन बंद केलं गेलं, भावाने पायांवर डोकं ठेवलं, मोठ्याने रडला. त्याला बाजूला घेतल्यावर आबांनी चावी फिरवली आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की नाना भावासाठी थांबले होते.

दुसऱ्या दिवशी आबा गाडी लोटनकडे घेऊन गेले. लोटन गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा. अमळनेर रस्त्याला त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं आणि मागेच घर. त्याने बॅटरी तपासली, टर्मिनल घासून साफ केले, अर्थिंगची पट्टी उघडून पुन्हा आवळली. स्टार्टर खाली काढला, तोही चांगला निघाला. चावी पन्नासदा फिरवली, पन्नासदा गाडी सुरू झाली.

"गाडी बठ्ठी चांगली शे, आबा," तो म्हणाला. "जोवर ती मन्हासमोर बंद पडत नही, तोवर मी काय देखू?"

पण ती त्याच्यासमोर बंद पडतच नव्हती. ती बंद पडायची फक्त मयताच्या दारात. तेही दरवेळी नाही. चार जणांना सरळ घेऊन जायची आणि पाचव्याच्या दारात मुकी व्हायची. एकदा एका शेतकऱ्याच्या घरी असंच झालं. लोकांनी ढकलून सुरू केली, पण तोवर त्याच्या मुलांमधल्या वाटणीच्या भांडणाची आठवण सगळ्यांना झाली होती. मंडळाने नवी बॅटरी बसवली. काही फरक पडला नाही.

हळूहळू गावाला सवयच लागली. आबा चावीला हात घालायचे तेव्हा रडणारेसुद्धा थांबायचे. सगळ्यांचे डोळे त्यांच्या मनगटावर. गाडी सुरू झाली की मागून मोठा सुस्कारा ऐकू यायचा, जसा काही निकाल लागला. काही घरांनी वैकुंठरथ मागवणंच सोडलं, खांद्यावर नेऊ म्हणाले. आबांना वाटायचं, एक दिवस या चावीखाली कोणीतरी सापडणार.

भर उन्हाळ्यात भिकुबाई गेली.

भिकुबाई वर्षभर अंथरुणाला खिळून होती. तिचा मुलगा जितेंद्र कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. तिचं सगळं सून दिपमाला करायची. कूस बदलणं, भरवणं, धुणं. लेक नूतन धुळ्याला देवपुरात दिलेली. महिन्या-दोन महिन्यांनी यायची, डबा आणायची, जाताना सुनेच्या कामात काहीतरी उणं काढून जायची. त्या दिवशी तिची वाट बघत गाडी दारात बराच वेळ उभी राहिली. इंजिन बंद, भोंग्यावर भजन चालू, वर ऊन. नूतन आली, रडली. आईला गाडीत ठेवलं. आबांनी चावी फिरवली.

काही नाही.

कोणीतरी ढकलायला पुढे झालं, पण नूतनने हात आडवा केला. ती ओरडली नाही. भजन बंद करायला सांगितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सावकाश म्हणाली, "आई जायला तयार नाही. तिला काहीतरी सांगायचंय. शेवटचं तिला काय भरवलं, ते वहिनीला विचारा."

दिपमाला दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिने सांगितलं, पेज भरवली, गोळी दिली. कोणती गोळी, कोणी आणली, किती दिल्या, असं एकेक निघत गेलं. जितेंद्र जमिनीकडे बघत होता. शेवटी कोणा म्हाताऱ्या बाईने सुचवलं की सुनेने माफी मागावी, म्हणजे जीव मोकळा होईल. दिपमालाला हाताला धरून गाडीशी आणलं. तिने सासूच्या पायांशी डोकं टेकलं आणि म्हणाली, "माय, काही चुकलं असेल तर पदरात घे."

आबांनी चावी फिरवली. गाडी सुरू झाली.

स्मशानापर्यंतच्या वाटेत त्यांनी एकदाही आरशात मागे बघितलं नाही. त्यांना वाटलं, खरंच असेल तर?

तेरावं होईपर्यंत गोष्ट पक्की झाली होती. सुनेने जास्तीच्या गोळ्या दिल्या, असं उघड कोणी म्हणत नव्हतं. पण शेजारणींनी तिच्या हातचं पाणी घेणं सोडलं. नूतन पोलिसांचं नाव काढू लागली. राख झालेल्या देहाचं पोलीस काय तपासणार, हे कोणी विचारलं नाही. जितेंद्रने बायकोला काही दिवस माहेरी, पिंपळनेरला, जाऊन राहायला सांगितलं.

आबांची झोप गेली. ते पुन्हा लोटनकडे गेले. या वेळी लोटनने एक छोटा बल्ब घेतला, त्याची एक वायर स्टार्टरला चावीकडून येणाऱ्या वायरला जोडली, दुसरी अर्थला, आणि बल्ब आबांच्या समोर टांगला. चावी फिरवल्यावर हा लख्ख पेटला आणि तरी गाडी सुरू झाली नाही, तर दोष खाली स्टार्टरमध्ये. पेटला नाही, तर दोष वर, चावीच्या बाजूला. एवढं समजलं तरी अर्धी वाट संपेल, असं त्याने सांगितलं.

पिंपळनेरला निघायच्या दिवशी दिपमाला बसस्टँडवर न जाता आधी आबांच्या घरी आली. हातात पिशवी होती. शेवंताबाईने पाणी दिलं, ते ती एका दमात प्यायली.

"आबा, गाडीमा काय व्हतं, तेवढं माले सांगा," ती म्हणाली. "मी काही करं नही. पन आते मालेच मन्हा भरवसा वाटत नही. रातले मी गोळ्या मोजस."

आबांनी तिला त्या दिवसाचं सगळं पुन्हा सांगायला लावलं, घटकेघटकेने. ती सांगत गेली. गाडी उभी होती. ऊन होतं. भजन चालू होतं. चावी फिरवली. नणंदेने भजन बंद करायला लावलं. मग प्रश्न, मग पायांवर डोकं, मग गाडी सुरू.

आबांनी तिला मध्येच थांबवलं. नानांच्या दारातही भाऊ आला तेव्हा भजन बंद केलं होतं. आणि हा भोंगा गाडीला होता कधीपासून? दिवाळीनंतर कोणा दात्याने दिला होता, त्यानेच आपल्या माणसाकडून बसवूनही घेतला होता. थंडीत काही झालं नाही. लोटनच्या गॅरेजमध्ये तो कधी लागलाच नव्हता. कोण लावणार?

त्यांनी दिपमालाला बसून राहायला सांगितलं आणि लोटनकडे गेले. भोंगा लावून बघू म्हणाले. लोटन मागे सरकला. मागच्या घरात त्याचा बाप आजारी होता.

"मरेल मानूसशिवाय ती धून लावानी नही, आबा. मन्हा बाप खाटवर शे. त्याना कानवर जाई."

आबांनाही ते पटत होतं. त्यांनी स्वतःसुद्धा रिकाम्या गाडीत ते भजन कधी लावलं नव्हतं. मग दोघांनी विचार करून गाडी नदीकाठच्या स्मशानात नेली. ती धून लावली तर कोणी दचकणार नाही, अशी गावात तेवढीच एक जागा होती. दुपारची वेळ, चिटपाखरू नव्हतं. ओट्यावरची राख गरम वाऱ्याने थोडी थोडी उडत होती. आबांनी इंजिन बंद केलं आणि भोंगा लावला.

दोघे लिंबाखाली बसले. कोणी मेलेलं नाही आणि भजन चाललेलं. लोटन सारखा गावाकडे बघत होता, जणू तिकडून कोणी त्याला बोलवायला येईल. आबांच्या मनात आपल्या ओळखीचे सगळे म्हातारे एकेक करून येऊन गेले. उन्हाने गाडीचा पत्रा कडकड वाजत होता. बराच वेळ गेल्यावर आबा उठले, आत बसले आणि चावी फिरवली.

इंजिन हललं नाही. समोरचा बल्ब विझत्या निखाऱ्यासारखा लालसर, मंद पेटला.

करंट येतो आहे, पण वाटेत कुठेतरी खाल्ला जातोय, असं पुटपुटत लोटन डॅशबोर्डखाली शिरला. बोटाने वायरी चाचपत गेला आणि एका जागी त्याने हात झटकन मागे घेतला. भोंगा बसवणाऱ्याने चावीच्या स्विचला येणारी मुख्य वायर मधेच कापली होती, तिच्यात भोंग्याची वायर घालून तिन्ही टोकं नुसती पिळून वर टेप गुंडाळली होती. भोंगा जास्त वेळ चालला की तो पीळ तापायचा, सैल व्हायचा. दिवे लागण्यापुरता करंट पुढे जायचा, स्टार्टर ओढण्याइतका नाही. भोंगा बंद केला की सांधा थंड होऊन पुन्हा धरायचा. टेप वितळून काळी पडली होती. आणखी काही दिवसांनी गाडीने आतल्या माणसांसकट पेट घेतला असता, असं लोटन म्हणाला.

त्याने सांधा कापला, वायर नीट जोडली, भोंग्याला फ्यूज घालून वेगळी वायर दिली. पुन्हा भोंगा लावून ठेवला, चावी फिरवली. बल्ब पांढरा पेटला आणि इंजिन धडधडलं. आबा स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसले.

घरी येऊन त्यांनी तो जळका तुकडा दिपमालासमोर धरला. तिने तो हातात घेतला नाही. नुसती बघत राहिली आणि मग पदर तोंडात धरून रडली. आबा तिला घेऊन थेट जितेंद्रकडे गेले. जितेंद्रने सगळं ऐकून घेतलं. वायर उलटसुलट केली. मग त्याने बायकोच्या हातातली पिशवी घेतली आणि आत नेऊन ठेवली. नूतनला फोन लावला, तेव्हा पलीकडून तिने एवढंच विचारलं की वायरच खराब होती, तर तिने माफी मागितल्यावरच कशी चालली? आबांनी भोंगा बंद केल्याचं समजावलं. तिने फोन ठेवून दिला. पोलिसांचं नाव मात्र पुढे निघालं नाही.

आबांनी भेटेल त्याला सांगितलं. लोक मान हलवायचे, असेल असेल म्हणायचे. पुढच्या मयताला गाडी झटक्यात सुरू झाली. तरी त्याआधी सगळे गप्प झालेच होते, डोळे आबांच्या मनगटावर होते, आणि मागून कोणीतरी म्हणालं, समाधानाने गेला बिचारा. गर्दीच्या कडेला दिपमाला उभी होती. तिच्या आजूबाजूला थोडी जागा मोकळी राहिली होती.

त्या संध्याकाळी आबा आणि शेवंताबाई जेवायला बसले. सून रूपा भाकरी वाढून आत गेली, तेव्हा शेवंताबाई हळूच म्हणाली, "मन्हं काही व्हयनं तं माले त्या गाडीमा लई जाऊ नका."

गाडी आता दुरुस्त झाली आहे, आबांनी सांगितलं.

"माले माहीत शे. पन लोक चावीकडेच देखतस. आपली रूपावर ती येळ येवाले नको."

आबांचा हात ताटातच राहिला. आतून रूपाने विचारलं, आणखी भाकरी आणू का.