मिस आर्झेलाची साक्ष

मिस आर्झेला लाउरीच्या हातून नऊशेच्या वर बाळंतपणं झाली आणि एकही बाई दगावली नाही, असं आमच्या काउंटीत कुणीही सांगेल. त्या स्वतः मात्र म्हणायच्या, "दोघी गेल्या," आणि त्या दोघींची नावंही सांगायच्या. अशी सरळ बाई! अलाबामाच्या या मळ्यांवर डॉक्टर फक्त गोऱ्यांच्या दारात उतरायचा, तेव्हा पांढरा एप्रन घालून, काळी पिशवी घेऊन त्या चिखल तुडवत आमच्या खोपटांत यायच्या. आता वय एक्क्याण्णव. गुडघे गेले, एकच डोळा चालतो. पण ओठाखाली तपकीर असली की जीभ अशी चालते की पाद्रीबाबासुद्धा जपून बोलतात.

एप्रिलमध्ये एका दुपारी व्हर्नेल टब्ज त्यांच्या ओट्यावर आली. वय त्रेपन्न, मासळीच्या कारखान्यात दिवसभर उभं राहून मासे कापते. अंगाला वास येतो म्हणून ती लांबच बसली.

"मिस आर्झेला, जरा काम होतं."

"कामाशिवाय कधी आलीस गं तू? बोल."

व्हर्नेलने ब्लाऊजवर हात ठेवला. फुकट तपासणीच्या गाडीत छातीत गाठ सापडली होती. तुकडा काढून पाहिला, कॅन्सर निघाला. तीस तारखेला ऑपरेशन. डॉक्टरीणबाई म्हणाली, त्यापुढे एक दिवस ढकलू नका. खर्च मेडिकेड, म्हणजे गरिबांची सरकारी योजना करणार, अशा बायांसाठी सोयच आहे. पण गेल्या उन्हाळ्यापासून नवा नियम आलाय. या देशात जन्मल्याचा कागद दाखवा, मग कार्ड.

"मी काय चंद्रावरून पडले? माझा पणजा इथे गुलाम होता, तेव्हा कुणी कागद मागितला नाही!" व्हर्नेल उसनं हसली. "राज्याच्या राजधानीला जन्मदाखल्यासाठी पत्र टाकलं. उत्तर आलं, नोंद नाही. आता दोन माणसांची शपथेवर साक्ष चालते म्हणे. एक माझा भाऊ लिऑन देतोय, त्याच्याकडे फौजेचे कागद आहेत. दुसरा नात्याबाहेरचा हवा."

"मग मी आहे की! तुझं टाळकं पहिल्यांदा पाहिलं ते मीच. केवढं वाकडं होतं! चोळून चोळून मी सरळ केलं."

व्हर्नेलला खरंच हसू फुटलं. मिस आर्झेलांना मात्र हसवेना. 'नोंद नाही' हे दोन शब्द त्या मनात घोळवत राहिल्या. जन्माची चिठ्ठी काउंटीच्या ऑफिसात पोचवायची जबाबदारी सुईणीची. त्यांना लिहिता येत नव्हतं. एरवी शाळेतली बाई लिहून द्यायची. पण व्हर्नेल जन्मली त्या एकोणीसशे त्रेपन्न साली कापूस वेचणीला शाळा बंद होती आणि बाईसुद्धा शेतात होती. म्हणून त्या चिठ्ठ्या घेऊन मळ्याच्या दुकानातल्या डॉब्सकडे जायच्या. तो गोरा कारकून गोड बोलायचा. "मी शनिवारी गावात जातोच, देऊन येईन." एवढा सबंध हंगाम त्यांनी त्याच्यावर विश्वास टाकला. व्हर्नेल झाली त्याच आठवड्यात डॉब्सच्या बायकोचंही बाळंतपण त्यांनीच केलं होतं. त्या चिठ्ठीला काही झालं नाही. ते पोरगं आता पासपोर्ट घेऊन मेक्सिकोला मासे धरायला जातं. आमच्या पोरांच्या चिठ्ठ्या त्या मेल्याने कुठल्या शेगडीत घातल्या, देव जाणे!

"पोरी, चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "मीच ती निस्तरते."

चोवीस तारखेला त्यांनी चर्चची टोपी घातली, लिऑनच्या गाडीत बसल्या आणि काउंटीच्या ऑफिसात गेल्या. खिडकीमागे टमिका होती, आपल्यातलीच पोर. तिने उठून त्यांना आत नेलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. मिस आर्झेलांनी उजवा हात वर करून सगळं सांगितलं: कुठलं खोपट, कुठला वार, पाऊस किती, व्हर्नेलची आई कशाला चावून ओरडणं दाबत होती. टमिका भराभर लिहीत होती. व्हर्नेल भावाचा हात घट्ट धरून बसली होती.

"झालं," टमिका म्हणाली. "आता तुमचा कागद द्या, मिस आर्झेला."

"कसला माझा कागद?"

"तुम्ही इथल्या नागरिक असल्याचा. जन्मदाखला."

"अगं, एकोणीसशे सोळाचा जन्म माझा! तेव्हा आमच्या खेचरांची नोंद व्हायची, आमची नाही. हे मतदानाचं कार्ड घे. यासाठी मी मार खाल्लाय."

टमिकाने कार्ड हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि हळूच परत ठेवलं. "हे चालत नाही. तुमच्या स्वतःच्या मेडिकेड कार्डाला कुणी हात लावणार नाही, तुम्ही म्हाताऱ्यांच्या यादीत आहात, त्यांना पुरावा माफ. पण दुसऱ्यासाठी शपथ घ्यायची, तर घेणाऱ्याने आधी आपला पुरावा द्यायचा."

"तुझ्या आईचं बाळंतपण कुणी केलं?"

"तुम्ही." टमिकाचे डोळे भरले. "मला ठाऊक आहे हो. नियम मी नाही केला."

"मग दुसरी वाट सांग," लिऑन म्हणाला.

"जुन्या जनगणनेतली व्हर्नेलची नोंद काढून घ्यावी लागेल. अर्ज आज केला तर... तीन महिने."

भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून व्हर्नेल म्हणाली, "मग मी दुपारची पाळी गाठते. उगीच खाडा नको." ती रडली असती तर मिस आर्झेलांना बरं वाटलं असतं.

"मला माफ कर, पोरी," त्या म्हणाल्या. व्हर्नेलने त्यांची टोपी नीट केली आणि त्यांना आधार देऊन उठवलं.

दार उघडलं तर बाहेरची सगळी बाकं भरलेली. मिस आर्झेला साक्ष देणार, ही बातमी रविवारीच चर्चभर झाली होती. सगळी पन्नाशीची माणसं, प्रत्येकाच्या हातात तेच 'नोंद नाही'चं पत्र. त्यांना पाहताच एकजात सगळे उठून उभे राहिले. पहिला पुढे आला तो रूफस, नातवंडं सांभाळणारा. त्याने हातातली टोपी चुरगाळली.

"ओळखलंत ना? त्याच वेचणीतला मी. पायाकडून आलो होतो."

"ओळखलं रे." त्यांना सगळेच ओळखू येत होते. एकूण एक डॉब्सच्या हाती दिलेल्या चिठ्ठ्यांमधले.

रूफसने घाईने बाकावरची आपली जागा पुसून दिली. "दमलात तुम्ही. बसा आधी, घाई नाही. कार्ड अडलंय, तरी माझं इन्सुलिन शनिवारपर्यंत पुरतंय."