चार दिवसांचा बिघाड

आमचा दादा घरोघरी नेट दुरुस्त करतो आणि तोंडाचा भारी फटकळ आहे. बिघाड नसला तर "उगाच बोलावलंत" असं सुनावूनच निघतो.

त्या सकाळी एका एकट्या काकांनी बोलावलं. बैठकीतला कॅमेरा परदेशातल्या मुलाला दिसत नसावा, असं त्यांचं म्हणणं. घराच्या नेटचा पत्ता सारखा बदलतो, म्हणून त्याला एक कायमचं नाव दिलेलं असतं. ते नाव दिलं की नेटवरच्या सर्व्हरने आजचा पत्ता सांगायचा. दादाने तीन सर्व्हरना विचारलं. दोघांनी नवा पत्ता सांगितला, तिसरा मात्र चार दिवसांपूर्वीचाच घोकत बसला होता. दादाने त्याचं जुनं उत्तर पुसायला लावलं, कॅमेरा स्वतःच्या फोनवर उघडून पाहिला. चित्र स्वच्छ होतं.

मग सवयीने त्याने कॅमेरा कोणी कधी पाहिला ती यादी उघडली. आजच्याआधीची शेवटची नोंद चौदा महिन्यांपूर्वीची होती; बिघाड तर चारच दिवसांचा.

"काका, सापडलं," दादा म्हणाला. "वर्षभर लाईनच गंडली होती. मुलाला दिसणार कसं?"

आयुष्यात पहिल्यांदा तो गिऱ्हाइकाशी खोटं बोलला, आणि तेही धड जमलं नाही.

"कोणी पाहिलं की कॅमेऱ्यावर हिरवा दिवा लागतो," काका म्हणाले. "मगाशी तू पाहिलंस, तेव्हा लागला. मी रोज त्याच्यासमोरच बसतो रे. काहीतरी बिघडलेलं निघू दे, म्हणून तुला बोलावलं होतं."